बैलजोडी घेतली तर घेऊ द्या ना!

वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

मागच्या अंकात रोलप्लेइंग गेमबद्दल चार ओळी लिहिल्या तर पत्रं यायची थांबेचनात. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चार-पाच जण बसतात, प्रत्येक जण एकेक पात्र होतो, एक जण गेम मास्टर होतो. तो आजूबाजूचं जग सांगतो, बाकीचे आपलं पात्र काय करते ते सांगतात, अन् जमते की नाही अशी शंका आली की फासे टाकायचे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स अन् डेव्ह आर्नेसन यांनी डन्जन्स अँड ड्रॅगन्स काढला, तिथून हे सुरू झालं. आमच्या छपरीत सहा वर्षांपासून मी चालवते अन् ते मस्त चालतं.

प्रश्न: ताई नमस्कार. मी दर्यापूर तालुक्यातला, बीएस्सी सेकंड इयरले आहो. दिवाळीत मित्रांसाठी वीस पानं स्टोरी लिहिली, राजाच्या पोराले किल्ल्यात कोंडलं अन् यांनी जाऊन सोडवायचं, नकाशा बी काढला होता. पण आमचे पोट्टे किल्ल्याकडे गेलेच नाई. रस्त्यात बैलबाजार लागला तर तिथंच थांबले, एकानं बैलजोडी घेतली, दुसरा दलाल बनला, दोन तास भावच करत बसले. मग मी चिडलो अन् म्हटलं बाजाराले आग लागली, पळा किल्ल्याकडे. गेले, पण मजा गेली. एक जण तर आता येतच नाई. काय चुकलं माझं?

उत्तर: भाऊ, आधी हे पाय की दोन तास चार पोट्टे मोबाईल बाजूला ठेवून, नसलेल्या बैलांचे दात पाहत, खरा भाव करत बसले. हे तू घडवलं. बाजार इतका जिवंत उभा केला की त्यांना तिथून हलावंसंच वाटेना, अन् मग तोच तू पेटवून दिला. मित्र रुसला तो आगीमुळे नाही, त्याला समजलं की आपण काहीही केलं तरी होणार तेच जे ह्याच्या वहीत आहे, मग आपण यायचं कशाला.

आता मला सांग, त्या किल्ल्यात माणसं राहतात ना? मग त्यांचं धान्य, कडबा, सरपण वर कशावर जाते? बैलगाडीवरच ना. म्हणजे बाजारात तुझ्या दलाल पोट्ट्याला किल्ल्याचा कोठीवाला भेटू शकतो, ज्याची जोडी लाळ्या-खुरकतीनं बसली आहे अन् उद्या सकाळी वीस पोते ज्वारी वर पोचली नाही तर त्याची नोकरी जाते. झालं, किल्ल्याचा दरवाजा उघडला, तोही त्यांनी स्वतः विकत घेतलेल्या जोडीमुळे. पोराला कडब्याखाली लपवून बाहेर काढायचं, का कोठीवाल्यालाच फोडायचं, का ज्वारीचे पैसे घेऊन सरळ घरी जायचं, हे ते ठरवतील. तुला ठरवायची गरजच नाही. तू फक्त आपल्याजवळ लिहून ठेव की कोणीच नाही आलं तर अमावस्येला त्या पोराचं काय होते, अन् अमावस्या आली की ते खरंच होऊ दे.

म्हणून म्हणते स्टोरी नको लिहू, परिस्थिती लिही. कोणाला काय पाहिजे, कोण कोणाच्या आड येते, अन् मध्ये कोणी पडलं नाही तर काय होते. एवढं एका पानात बसते, वीस पानं लागत नाहीत.

तुझ्या जिल्ह्यातलंच उदाहरण घे. डिसेंबर १८०३. २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई हरून नागपूरकर भोसल्यांची फौज गाविलगडाच्या किल्ल्यात शिरली आहे अन् इंग्रज मागावर आहेत. त्यांचा सेनापती वेलस्ली दक्षिणेच्या बाजूनं आला, अन् त्याचा जोडीदार स्टीव्हन्सन याची फौज मेळघाटाच्या डोंगरातून वाट तयार करत, तोफा माणसांनी ओढत ओढत उत्तरेकडे निघाली, कारण खरा हल्ला तिकडूनच जमत होता. आता तुझे पोट्टे म्हणजे पठारावरचे गवळी. किल्लेदाराला धान्य पाहिजे, इंग्रजांच्या फौजेला वाटाड्या अन् बैल पाहिजेत, आपल्या गवळ्यांना म्हशी वाचवायच्या आहेत. कोणी काही केलं नाही तर १५ डिसेंबरला किल्ला पडते, जसा तो खरोखर पडला. पण त्यांनी वाटाड्या बनून तोफा भलत्याच दरीत नेल्या तर? तर किल्ला चार दिवस जास्त टिकू दे, नाही तर वाचू दे. इतिहासात काय झालं ते पुस्तकात आहेच, तुमच्या छपरीत काय झालं ते तुमचं.

अन् विचारत जा, सगळ्यात जास्त फायदा याचाच होते. "तुझा मामा किल्ल्यात काय काम करते?" तो एक क्षण थांबेल अन् म्हणेल, तोफेची दारू कुटते. बस, आता किल्ल्यात एक मामा आहे जो तुझ्या वहीत नव्हता, अन् उद्या तट फुटला की त्या पोट्ट्याच्या पोटात खड्डा पडणार. आपल्याकडच्या खडी गंमत या लोकनाट्यातला सोंगाड्या कसा समोरच्यांचे चेहरे पाहत बोलते, कुठं हशा आला, कुठं लोक पुढं सरकून बसले, तसंच गेम मास्टरचं. नजर वहीत कमी, पोट्ट्यांच्या तोंडाकडे जास्त. फक्त एक गोष्ट तयारीत पक्की ठेव, जी गोष्ट त्यांना कळलीच पाहिजे तिचा सुगावा तीन जागी पेरून ठेवायचा, एक हुकते, दुसरा समजत नाही, तिसरा लागते.

रुसलेल्या मित्राकडे स्वतः जा अन् सांग की बाजाराला आग लागलीच नव्हती, तिथूनच पुढं खेळू, तुझी जोडी खुंट्याला बांधून आहे.

प्रश्न: ताई, आम्ही पाच बहिणी सुटीत आजीकडे जमतो, गाव आर्वी तालुक्यात. मी गेम मास्टर. मोठी दीदी सगळ्यांचं ठरवून टाकते अन् सर्वात धाकटी तोंडच उघडत नाही. काय करू?

उत्तर: धाकटीला "तू काय करते?" असं नको विचारू बाई, एवढा मोकळा प्रश्न आला की लाजरं माणूस अजूनच आक्रसते. तिच्या एकटीच्या हातात काहीतरी दे. "दाराआडून खोकल्याचा आवाज आला, तो फक्त तुझ्याच पात्राला ऐकू आला, बाकीच्यांना सांगते का लपवते?" दोनच रस्ते. मग मनातल्या मनात दहापर्यंत मोज अन् कोणालाही मध्ये बोलू देऊ नको, स्वतः पण नको बोलू. अन् तिनं जे सांगितलं त्याचा पुढं काहीतरी परिणाम दिसलाच पाहिजे, नाही तर ती पुन्हा बोलणार नाही. दीदीला सगळ्यांसमोर टोकू नको, पाणी आणायच्या निमित्तानं बाजूला घे अन् मदतच माग, की तू तुझ्या पात्रातून हिला विचारत जा. ज्यांना पुढं पुढं करायची सवय असते त्यांना हे काम दिलं की ते फार चांगलं करतात. अन् एकदा धाकटीला एकटीला विचार तिला मजा येते का, काही जणांना ऐकायलाच आवडते, तेही खेळणंच आहे.

प्रश्न: मी यवतमाळ जिल्ह्यात शिक्षक आहे. रविवारी वसतिगृहातल्या मुलांसोबत खेळतो. मागच्या वेळी एका मुलानं कथेत कर्जबाजारी शेतकरी आणला अन् त्यानं फास घेतला असं सांगितलं. दुसरा एक मुलगा उठून निघून गेला. नंतर कळलं की त्याच्या घरी हेच झालं आहे. मला माहीत नव्हतं. खेळ बंद करू का?

उत्तर: सर, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आपल्या भागात हे कोणत्या घरात असेल सांगता येत नाही, म्हणून तुम्ही विचारलं ते फार बरं केलं.

बंद नका करू, पण आधी त्या मुलाला एकटं भेटा. काही खोदून विचारू नका. एवढंच म्हणा की त्या दिवशी जे झालं त्याचं मला वाईट वाटलं, आता आपल्या खेळात ते येणार नाही, तुला वाटलं तर ये, नाही वाटलं तरी चालते. अन् तो गप्प गप्पच राहू लागला, झोपत-जेवत नसला, तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे अन् दिवसरात्र चालते, तिथं तुम्ही स्वतःही सल्ला विचारू शकता.

खेळासाठी दोन गोष्टी करा. नवीन कथा सुरू करायच्या आधी अर्धा तास बसा अन् प्रत्येकाला कोरी चिठ्ठी द्या, आपल्या खेळात काय नको ते लिहायचं, नाव टाकायचं नाही. चिठ्ठ्या तुम्ही एकट्यानं वाचायच्या अन् त्या गोष्टी आणायच्याच नाहीत. अन् मधोमध एक कार्ड ठेवा, पत्त्यातला जोकरही चालते. कोणी त्याला हात लावला की तो प्रसंग तिथंच सोडून पुढं जायचं, काहून म्हणून विचारायचं नाही. जगभर गेम मास्टर हे वापरतात, एक्स-कार्ड म्हणतात त्याला. माझ्या टेबलावर पहिल्यांदा हात लागला तो विहिरीच्या वर्णनाला. मी विहिरीच्या जागी आंब्याचं झाड केलं अन् खेळ पुढं गेला. का ते मी आजवर विचारलं नाही.

कर्ज अन् सावकार मात्र आपोआप काढून टाकू नका. मुलांना कदाचित त्या सावकाराची वही पळवायची असेल, ज्या गोष्टीशी घरी लढता येत नाही तिच्याशी इथं लढून पाहायचं असेल. ते त्यांना ठरवू द्या, त्या मुलाला तर नक्कीच.

प्रश्न: आम्ही गडचिरोली जिल्ह्यातले, नेट कधी असते कधी नसते. ते वीस बाजूंचे फासे इथं मिळत नाहीत अन् पुस्तक इंग्रजीत. कसं खेळावं?

उत्तर: चिंचोके घ्या. दगडावर घासून अर्धे करा, एक बाजू पांढरी, एक तपकिरी, अष्टा-चंगासाठी करतो तसेच. चार अर्धे टाका अन् पांढरे मोजा. तीन किंवा चार आले तर जमलं, दोन आले तर जमलं पण काहीतरी किंमत मोजावी लागली, एक किंवा शून्य आला तर प्रकरण बिघडलं. सोळापैकी पाच वेळा जमते, सहा वेळा किंमत देऊन जमते, पाच वेळा बिघडते, अन् माझ्या अनुभवात ते मधलं दोनच सगळ्यात मजेदार असते, कारण नदी तर पार झाली पण पोतं वाहून गेलं. ज्या कामात पात्र तरबेज आहे त्याला पाच चिंचोके द्या, मग पूर्ण जमायची शक्यता बरोबर निम्मी होते. आधी पन्नास वेळा टाकून पाहा, एखादा चिंचोका सारखा पांढराच पडत असला तर तो बदला.

पुस्तकाचं म्हणाल तर डन्जन्स अँड ड्रॅगन्सचे मुख्य नियम, म्हणजे सिस्टीम रेफरन्स डॉक्युमेंट ५.१, जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले. मूळ कोणाचं ते नीट लिहायचं, मग मराठीत करून वाटायला कोणाची परवानगी नाही लागत. तालुक्याला गेलात की एकदा डाउनलोड करून घ्या. सगळं करत बसू नका, पात्र कसं बनवायचं अन् लढाईत पाळी कशी येते एवढंच आधी करा, मंत्रांची लांबलचक यादी राहू द्या. तयार झालं की एक झेरॉक्स मलाही पाठवा, आमच्या छपरीत तुमच्याच शब्दांनी खेळू.