दुकान बंद केलं तर परमिट जातं का? जर्मनीतली एक केस

"ताई, दुकान बंद केलं की इथं राहायचं परमिट लगेच रद्द होतं ना?" जर्मनीत बाहेरून आलेल्या लोकांच्या समुपदेशनाचं काम करते, त्यामुळे हा प्रश्न मला बऱ्याचदा येतो, आणि विचारणारा बहुतेक वेळा खूप उशिरा आलेला असतो. म्हणून ही केस लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

सांगलीकडचे एक दादा, श्टुटगार्टजवळ एका गावात त्यांचं छोटं इम्बिस, म्हणजे खाण्याचं दुकान होतं, वडापाव, मिसळ, दुपारी थाळी. परमिट जर्मनीच्या रहिवास कायद्यातल्या कलम 21 चं, म्हणजे स्वतःचा धंदा करण्यासाठी मिळतं ते, आणि संपायला अजून 14 महिने होते. धंदा चालत नाही हे त्यांना पहिल्या हिवाळ्यातच कळलं होतं पण कुणीतरी सांगून ठेवलेलं की धंद्याची नोंदणी रद्द केली की देश सोडायची नोटीस येते, मग काय, आठ महिने तोट्यात शटर उघडं ठेवलं, भाडं भरलं, गावाकडे वहिनींचे दागिने गहाण पडले, सासऱ्यांकडून पैसे घेतले. मला ह्या आठ महिन्यांचं फार वाईट वाटतं, कारण ते नुसत्या भीतीपोटी गेले.

मी त्यांना सांगितलं ते असं. धंदा बंद झाला म्हणून परमिट आपोआप संपत नाही. पण ज्या कारणासाठी दिलं तेच उरलं नाही तर परदेशी नागरिकांचं ऑफिस, म्हणजे आउसलेंडरबेहोर्डे, मुदत कमी करू शकतं, कलम 7 मध्ये तसं आहे. करू शकतं, करायलाच पाहिजे असं नाही, माणसाची परिस्थिती बघून ठरवतात. आणि धंदा मधेच बंद झाला तर ते दोन आठवड्यांत आपण स्वतः कळवायचं, हे कलम 82.

"म्हणजे मीच माझ्या पायावर धोंडा मारून घेऊ?" दादा म्हणाले. मी म्हटलं दादा, लपत तर नाहीच, गेवेर्बआम्टमध्ये, म्हणजे धंद्यांची नोंद ठेवणाऱ्या ऑफिसात, नोंदणी रद्द केली की टॅक्स ऑफिसला कळतंच, आणि परमिट वाढवायला गेलात की कमाईचे कागद मागणारच आहेत. तेव्हा उघड झालं तर तुमच्या बाजूने बोलायला काय उरेल?

मग आम्ही क्रम ठरवला: आधी पुढचा आधार शोधायचा, मग शटर ओढायचं. दादा मेकॅनिकल इंजिनियर, हे त्यांनी दुसऱ्या भेटीत सांगितलं, तेही ओघात! परदेशी कॉलेजं आणि डिग्र्या जर्मनीत मान्य आहेत का हे दाखवणाऱ्या आनाबिन डेटाबेसमध्ये त्यांचं कॉलेज आणि डिग्री दोन्ही मान्य निघालं, म्हणजे कलम 18बी खाली नोकरीचं परमिट मागता येणार होतं. नोकरी नाहीच मिळाली तर नोकरी शोधण्यासाठीचं चान्सेनकार्ड, ते 2024 च्या जूनपासून सुरू झालंय, पण त्यात स्वतःचा खर्च भागतोय हे दाखवावं लागतं.

दोन गोष्टी मी मुद्दाम परत परत सांगितल्या. नोकरी मिळाली तरी लेखी परवानगी येईपर्यंत एक दिवसही कामावर जायचं नाही, कारण त्यांच्या कार्डावर फक्त त्यांच्या धंद्याची परवानगी होती. आणि सरकारी मदतीचा अर्ज भरायच्या आधी माझ्याशी बोलायचं, स्वतःच्या कमाईवर राहतो हीच तर परमिटची अट असते. वहिनींचं परमिटही दादांच्या परमिटवर अवलंबून, त्यामुळे प्रत्येक भेटीला दोघांनाही बोलवलं.

ज्यांची जीएमबीएच, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी आहे त्यांचं प्रकरण वेगळं, देणी भागेनाशी झाली तर जास्तीत जास्त तीन आठवड्यांत दिवाळखोरीचा अर्ज करावा लागतो, त्यांनी सरळ वकील गाठावा.

मुलाखतींना तीन महिने लागले. एका कारखान्यात क्वालिटी विभागात ऑफर आली, त्याच आठवड्यात नव्या परमिटचा अर्ज टाकला, धंद्याची नोंदणी रद्द केली, ऑफिसला कळवलं. अपॉइंटमेंट पाच आठवड्यांनी मिळाली, त्या काळात वहिनींचा रोज फोन, मी रोज उचलला. ऑफिसने मुदत कमी केली नाही, नोकरीच्या परमिटचं नवं कार्ड आलं.

दागिने अजून गहाणच आहेत, पगार झाला की दर महिन्याला दादा थोडे पैसे गावी पाठवतात.