हौशी सीएनसी राउटरला कोणता कंट्रोलर आणि कोणते सॉफ्टवेअर जुळेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: राउटरचा (संगणकाच्या आज्ञेने लाकूड कापणाऱ्या-कोरणाऱ्या यंत्राचा) सांगाडा उभा झाला आहे, तिन्ही अक्षांवर १६०५ बॉलस्क्रू (अक्ष सरकवणारे आट्यांचे दांडे) बसवले आहेत, गँट्री (वरचा आडवा सरकता पूल) दोन्ही बाजूंनी सरकवण्यासाठी वाय अक्षावर दोन आणि एक्स व झेडवर एकेक अशा चार नेमा-२३ स्टेपर (पावलापावलाने फिरणाऱ्या) मोटरी आहेत, शिवाय मोटरी चालवणारे डीएम५४२ ड्रायव्हर आणि ३६ व्होल्टचा पुरवठा हाताशी आहे. मात्र पाच अक्षांचा म्हणून घेतलेला ब्रेकआउट बोर्ड यूएसबीने लॅपटॉपला जोडल्यावर ६४-बिट विंडोज त्याची दखलच घेत नाही. तेव्हा बोर्ड खराब आहे का, आणि मॅक-३ हे विंडोजवरचे सॉफ्टवेअर घ्यावे की छोट्या बोर्डावर चालणारे जीआरबीएल हे फर्मवेअर (बोर्डातच भरलेले सॉफ्टवेअर), असे तुम्ही विचारले आहे.

बोर्ड बहुधा ठणठणीत आहे. या स्वस्त पाच-अक्षी बोर्डांवरचे यूएसबीचे तोंड फक्त ५ व्होल्टची वीज घेण्यासाठी असते. त्यातून माहितीची देवाणघेवाण होतच नाही, त्यामुळे संगणकाला तिथे काही दिसण्याचे कारण नाही. माहिती येते ती शेजारच्या २५ पिनांच्या पॅरलल पोर्टमधून (जुन्या संगणकांना छपाईयंत्र जोडायचे तसल्या). मुख्य म्हणजे ब्रेकआउट बोर्ड हा कंट्रोलर नव्हे. आलेले संकेत विलग करून, थोडे सशक्त करून वेगवेगळ्या स्क्रू-टर्मिनलवर पोचवणारा तो एक जोडफलक आहे. ते संकेत दुसऱ्या कोणीतरी तयार करावे लागतात, आणि तुमच्या मांडणीत नेमका तो ‘दुसरा कोणी’ अजून आलेलाच नाही.

म्हणूनच कोणते सॉफ्टवेअर चांगले, या प्रश्नापासून सुरुवात करू नये असे मी सुचवीन. आधी हे ठरवावे की मोटरीचे स्टेप-पल्स कोण तयार करणार. ड्रायव्हरला जी-कोड, म्हणजे यंत्राने कुठे आणि किती वेगाने जायचे हे सांगणाऱ्या लेखी आज्ञा, कळत नाही. त्याला एक पल्स आला की तो मोटर एक पाऊल पुढे नेतो आणि दिशेच्या तारेवरचा व्होल्टेज पाहून कोणत्या बाजूला जायचे ते ठरवतो. हे पल्स सेकंदाला हजारोंच्या संख्येने आणि अगदी समान अंतराने यावे लागतात. हे काम संगणक स्वतः करतो किंवा संगणकाबाहेरचा एखादा बोर्ड करतो. एकदा हे ठरले की सॉफ्टवेअरचे पर्याय आपोआप दोन-तीनवर येतात.

संगणकानेच पल्स करण्याची पद्धत जुनी आहे. मॅक-३ पॅरलल पोर्टमधून हेच करते, पण त्याचा पॅरलल पोर्टचा ड्रायव्हर (मोटरीचा नव्हे, विंडोजमध्ये बसणारा प्रोग्राम) फक्त ३२-बिट विंडोजवर चालतो, त्यामुळे तुमच्या लॅपटॉपवर तो मार्ग बंद आहे. यूएसबीचे पॅरलल पोर्टमध्ये रूपांतर करणारी छपाईयंत्रासाठीची केबल लावून हा अडथळा ओलांडता येईल असे अनेकांना वाटते. तसे होत नाही, कारण ती केबल अक्षरे पाठवण्यासाठी असते आणि पल्सची वेळ ती मुळीच सांभाळत नाही. लिनक्ससीएनसी हा याच घराण्यातला, पण कितीतरी भक्कम पर्याय आहे. तो रिअल-टाइम कर्नलवर (प्रत्येक काम वेळेवर करणाऱ्या लिनक्सच्या गाभ्यावर) चालतो आणि त्याच्यासोबत येणारी लेटन्सी-चाचणी आपला संगणक या कामाचा आहे की नाही हे आधीच सांगते. चाचणीत कमाल विलंब १५–२० मायक्रोसेकंदांच्या आत राहिला तर उत्तम, आणि १०० च्या वर गेला तर पॅरलल पोर्टचा नाद सोडावा. लॅपटॉप वीज वाचवण्यासाठी मध्येमध्ये जे उद्योग करतात त्यामुळे ते या चाचणीत सहसा नापास होतात. लिनक्ससीएनसीच हवे असेल तर जुना डेस्कटॉप आणि इथरनेटने जोडले जाणारे मेसा कंपनीचे कार्ड अशी जोडी करावी, म्हणजे पल्स कार्डावर तयार होतात आणि संगणकावरचा ताण उतरतो.

दुसऱ्या घराण्यात पल्स बाहेरचा बोर्ड करतो आणि संगणक त्याला फक्त मजकूर किंवा आखलेली हालचाल पुरवतो. इथेच सर्वांत जास्त घोटाळा होतो, कारण ‘यूएसबी सीएनसी कंट्रोलर’ या एकाच नावाखाली एकमेकांची भाषा न समजणाऱ्या वस्तू विकल्या जातात. जीआरबीएलच्या बोर्डाला जी-कोडच्या ओळी जशाच्या तशा लागतात आणि त्यांचा अर्थ तो स्वतः लावतो. त्यामुळे युनिव्हर्सल जीकोड सेंडर, कँडल, बीसीएनसी, जीसेंडर यांपैकी कोणताही सेंडर (या ओळी पाठवणारा प्रोग्राम) वापरला तरी चालते. मॅक-३ साठीचे यूएसबी किंवा इथरनेट कार्ड त्याच्या स्वतःच्या प्लगइनशिवाय (मॅक-३ मध्ये भरायच्या जोडप्रोग्रामशिवाय) मुके असते आणि ते कोणत्याही सेंडरला उत्तर देत नाही. उलट मॅक-३ जीआरबीएलचा बोर्ड चालवत नाही. यूसीसीएनसी तर फक्त आपल्याच निर्मात्याच्या कंट्रोलरांवर चालते आणि त्याचा परवाना कंट्रोलरच्या क्रमांकाला बांधलेला असतो. म्हणून खरेदी करताना ‘अमुक सॉफ्टवेअरला चालते’ एवढ्यावर थांबू नये. बोर्डावर कोणते फर्मवेअर आहे किंवा त्याचे प्लगइन कोणते, हे विचारावे. विक्रेत्याला ते सांगता आले नाही तर तो बोर्ड घेऊ नये.

आता तुमच्या यंत्राचा हिशेब करू, कारण जीआरबीएल पुरेल का याचे उत्तर मतांत नसून आकड्यांत आहे. १.८ अंशांची मोटर एका फेऱ्यात २०० पावले टाकते. ड्रायव्हरवर ८ मायक्रोस्टेप (एका पावलाचे आठ भाग) ठेवले तर १६००. १६०५ बॉलस्क्रू एका फेऱ्यात ५ मिलिमीटर सरकतो, म्हणजे प्रत्येक मिलिमीटरला ३२० पल्स. अर्दुइनो उनो या छोट्या बोर्डावरचे जीआरबीएल सेकंदाला साधारण ३०,००० पल्स देऊ शकते. मिनिटाला ५००० मिलिमीटर वेगाने जायचे तर सुमारे २६,७०० पल्स लागतात, तेव्हा ते कसेबसे मावते. पण जास्त मायक्रोस्टेप म्हणजे जास्त अचूकता अशा समजुतीने तुम्ही १६ केलेत तर ६४० पल्स प्रति मिलिमीटर होतात आणि वेगाची मर्यादा मिनिटाला २८०० मिलिमीटरच्या आसपास येते. ३२ केलेत तर १४०० वर. लाकडात काम करताना रिकाम्या हालचालींना हा वेग फारच रेंगाळणारा वाटतो. अचूकतेत मात्र जाणवण्यासारखी भर पडत नाही, कारण स्क्रूची ढिलाई आणि सांगाड्याची लवचीकता त्या बारीक पावलांपेक्षा मोठी असते. आठच ठेवा.

पल्सचा वेग निभावला तरी उनो मी तुम्हाला सुचवणार नाही, आणि त्याचे कारण वाय अक्षावरच्या दोन मोटरी आहेत. मूळ जीआरबीएल सहसा दोन्ही मोटरींना एकच संकेत देते. यंत्र बंद असताना गँट्री एका बाजूने दोन मिलिमीटर सरकली तर पुढचे सगळे चौकोन तिरके येतात आणि फर्मवेअरला त्याचा पत्ताही नसतो. प्रत्येक बाजूला स्वतंत्र होमिंग स्विच (अक्ष सुरुवातीच्या ठरावीक जागी पोचला हे सांगणारा) असेल आणि फर्मवेअर दोन मोटरी वेगवेगळ्या थांबवू शकत असेल तर दरवेळी होमिंग करताना गँट्री आपोआप काटकोनात येते. हे ग्रबल-हॅल आणि फ्लुइडएनसी या दोन्ही फर्मवेअरांत होते. पहिले ३२-बिटच्या अनेक प्रोसेसरांवर चालते, दुसरे ईएसपी३२ वर. आणि दोन्ही जीआरबीएलचीच भाषा बोलत असल्यामुळे वर सांगितलेले बहुतेक सेंडर त्यांनाही चालतात. फ्लुइडएनसीत कोणती पिन कोणत्या कामाला हे एका साध्या मजकूर-फाइलमध्ये लिहायचे असते, फर्मवेअर पुन्हा तयार करावे लागत नाही.

ईएसपी३२ आणि त्यासारखे प्रोसेसर ३.३ व्होल्टचे संकेत देतात, तर डीएम५४२ च्या आतल्या ऑप्टोकप्लरला (प्रकाशाने संकेत पलीकडे नेणाऱ्या विलगकाला) ५ व्होल्ट अपेक्षित असतात. ३.३ व्होल्टवर कधी चालते, कधी पाऊल चुकते, आणि असे ‘कधीकधी’ शोधून काढण्यात आठवडे जातात. बोर्डावर ७४एचसीटी२४५ किंवा तसाच बफर लावून ५ व्होल्टचे संकेत बाहेर काढले आहेत ना, एवढे पाहून घ्यावे.

जुळणी म्हणजे केवळ व्होल्टेज नव्हे, वेळही, हे मी एका नामफलकावर शिकलो. अक्षरे कोरताना पहिले अक्षर हव्या त्या खोलीचे आले आणि शेवटचे जवळजवळ मिलिमीटरभर जास्त खोल गेले. मी कपलिंग आवळले, मोटरीचा प्रवाह वाढवला, झेडचा वेग निम्मा केला; फरक शून्य. मग कोऱ्या फळीवर सुई वर-खाली करणारी एकच ओळ १६० वेळा चालवली आणि चूक पुन्हा एक मिलिमीटर आली. वेग कितीही असो, चूक या वर-खाली फेऱ्यांच्या संख्येला बांधलेली होती. ड्रायव्हरच्या माहितीपत्रकात लिहिले होते की दिशेचा संकेत पल्सच्या किमान ५ मायक्रोसेकंद आधी बदललेला असावा. माझे जीआरबीएल तो पल्सच्या जवळजवळ त्याच क्षणी बदलत होते. त्यामुळे एका बाजूला वळताना पहिले पाऊल जुन्याच दिशेला पडत होते. एक पाऊल चुकीकडे म्हणजे दोन पावलांचा फरक, म्हणजे दर फेऱ्याला ०.००६२५ मिलिमीटर, आणि १६० फेऱ्यांचा बरोबर एक मिलिमीटर. उपाय एका ओळीचा निघाला: $२ ही सेटिंग ७ करून तिन्ही अक्षांचे पल्स उलटे केले. ड्रायव्हर ज्या कडेला पाऊल टाकतो ती कड आता पल्सच्या शेवटी, म्हणजे दिशा बदलल्यानंतर १० मायक्रोसेकंदांनी येऊ लागली. तेव्हापासून नवा ड्रायव्हर आला की मी आधी त्याच्या वेळांचा तक्ता वाचतो.

स्पिंडल (हत्यार फिरवणारी मोटर) व्हीएफडीवर, म्हणजे विजेची वारंवारता बदलून वेग ठरवणाऱ्या उपकरणावर, चालवणार असाल तर त्याचा वेग ० ते १० व्होल्टच्या संकेताने द्यायचा की आरएस-४८५ या संदेशांच्या तारेवरून, हे बोर्ड निवडतानाच ठरवा. मूळ जीआरबीएल फक्त पीडब्ल्यूएम (ठोक्यांच्या रुंदीतून वेग सांगणारा संकेत) देते, त्याला वेगळा रूपांतरक लागतो. व्हीएफडी हा विद्युत गोंगाटाचाही मोठा स्रोत आहे. स्पिंडल सुरू होताच यूएसबी तुटणे किंवा स्विच न दाबता लिमिटचा (अक्ष टोकाला पोचल्याचा) अलार्म वाजणे ही त्याचीच लक्षणे. स्पिंडलची केबल शील्ड असलेली घ्या, लिमिट स्विच ‘नॉर्मली क्लोज्ड’ पद्धतीने जोडा, आणि शक्य असेल तर यूएसबीऐवजी इथरनेटचा बोर्ड घ्या, कारण इथरनेटच्या जोडणीत विलगीकरण मुळातच असते. आणीबाणीचे बटण मात्र ड्रायव्हरची आणि स्पिंडलची वीज थेट तोडणारे असावे. ते सॉफ्टवेअरच्या भरवशावर ठेवू नये.

कॅम सॉफ्टवेअर (रेखाचित्रापासून जी-कोड बनवणारे) कोणतेही घ्या, फक्त त्यात तुमच्या फर्मवेअरचा पोस्ट-प्रोसेसर (जी-कोड त्याला कळेल अशा बोलीत लिहिणारा भाग) निवडा. मॅक-३ साठी तयार केलेली फाइल मूळ जीआरबीएलला दिली तर एम६ या हत्यार बदलण्याच्या आज्ञेपाशीच ‘एरर २०’ येते आणि जी८१ सारखी भोके पाडण्याची चक्रेही त्याला कळत नाहीत. यात यंत्राचा काही दोष नसतो.

तेव्हा तुमच्यासाठी माझी निवड अशी: ग्रबल-हॅल चालवणारा, निदान चार मोटरींचे ५ व्होल्टचे स्वतंत्र संकेत देणारा, इथरनेट असलेला बोर्ड. घेतलेला ब्रेकआउट बोर्ड वाया जाऊ द्यायचा नसेल तर त्याच्या पॅरलल पोर्टवर बसणारा यूसी१०० हा यूएसबी कंट्रोलर आणि यूसीसीएनसी हाही चालणारा मार्ग आहे; पण त्या पोर्टला आत येणारे संकेत पाचच असतात. एक्स, झेड आणि वायच्या दोन बाजू मिळून चार स्विच, पाचवा टूल-प्रोब (हत्याराची उंची मोजणारा), आणि आणीबाणीच्या बटणाची स्थिती कळवायला जागा उरत नाही. हे चालवून घेता येते, पण पुढे-मागे चौथा फिरता अक्ष लावायचा विचार असेल तर आत्ताच पहिला मार्ग धरा आणि बोर्ड पाच मोटरींचा घ्या.

बोर्ड आल्यावर मोटरी स्क्रूला लगेच जोडू नका. त्या टेबलावर मोकळ्या ठेवून शाफ्टवर चिकटपट्टीचा झेंडा लावा, ५ मिलिमीटरची आज्ञा द्या आणि झेंडा बरोबर एक फेरा मारून जागेवर येतो का ते पाहा. वायचे दोन्ही झेंडे गँट्री एकाच बाजूला ढकलतील असे फिरत आहेत का, हेही तेव्हाच तपासा. एक जरी उलटा फिरत असेल तर यंत्रावर चढवल्यावर गँट्री पिळवटते आणि बॉलस्क्रू वाकतो.