मुलगा बाईक मागतोय, घेऊन देऊ का?

बारावीचे निकाल लागले की माझ्याकडे हा प्रश्न हमखास येतो. विचारणारी बहुतेक वेळा आई असते आणि उत्तर ठरवूनच आलेली असते. मॅडमनी ‘नको’ म्हणावं आणि ते मुलाला ऐकवता यावं, एवढीच तिची अपेक्षा.

कराडच्या माझ्या समुपदेशन केंद्रात आलेलं हे कुटुंब त्यातलंच. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गाव कराडपासून वीसेक किलोमीटरवर, थोडी शेती, वडिलांची पतसंस्थेत नोकरी. थोरला अमेय एकोणीस वर्षांचा, इंजिनिअरिंगला. बाईकवरून घरात अबोला धरलेला. त्याच्या आईचा, सुनीताताईंचा, धाकटा भाऊ काही वर्षांपूर्वी रात्री उसाच्या ट्रॉलीवर मागून धडकून गेला होता. आमच्या भागात हे फार समजावून सांगावं लागत नाही. गळीत हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रभर कारखान्याकडे चाललेले असतात. कितीतरी ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर असलाच तर लोंबणाऱ्या वाड्याखाली, म्हणजे उसाच्या शेंड्यांखाली, झाकलेला. समोरच्या गाडीचा उजेड डोळ्यांवर आला की ट्रॉली दिसते ती अगदी जवळ आल्यावरच.

तेव्हा ताईंची भीती उगाच नव्हती. सरकारी नोंदीनुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली जवळपास ७५ हजार दुचाकीवरची होती, आणि हेल्मेट नसलेले ५० हजारांहून अधिक. हे आकडे अमेयच्या वडिलांना पाठ होते. मुलावर त्यांचा काडीचाही परिणाम नव्हता. एकोणिसाव्या वर्षी आकड्यातला माणूस नेहमी दुसराच कुणीतरी असतो.

अमेयशी एकट्याशी बोलले तेव्हा अपघाताचा विषयच काढला नाही. गाडीवर बसल्यावर काय आवडतं, एवढंच विचारलं. आधी मान खाली, मग बोलायला लागला तो थांबेना. एसटीच्या वेळेसाठी प्रॅक्टिकल अर्धं टाकून पळावं लागतं. मित्रांत नेहमी मागेच बसावं लागतं, आणि घरी सोड म्हणून विनवावं लागतं. पाटण सोडून कोयनेच्या रस्त्याला लागलं की हवा बदलते. कुंभार्ली घाटाच्या एखाद्या वळणावर गिअर, वेग आणि अंगाचा कल तिन्ही एकदम जुळले की काय वाटतं, ते त्याला सांगता येईना, हातानेच दाखवत राहिला. मग म्हणाला, “गाडीवर असलो की डोक्यातलं सगळं गप्प होतं, मॅडम.”

हे ऐकून मी थोडी थांबले. बाईक म्हणजे पोरांची हौस आणि मिरवणं, असं आपण धरून चालतो. मिरवणं असतंच. पण स्वतःच्या येण्याजाण्यावर स्वतःचा ताबा असणं ही गावाकडच्या पोराची खरी गरज असते. तिची टिंगल केली की बोलणं तिथेच संपतं.

मग कुंभार्लीत गाडी कोणाची होती, हे मी विचारलं. मित्राची. कधीपासून? अकरावीपासून! म्हणजे लायसन्स नसतानाच. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वर्षभर नोंदणी रद्द होते ती वेगळीच. मित्राचे वडीलसुद्धा अडकले असते. घरी यातलं काहीच माहीत नव्हतं. ब्रेक कसा लागतो ते ठाऊक नसलेली, टायर घासलेली परकी गाडी, आणि डोक्यावर काही नाही, कारण हेल्मेट घरी नेलं तर प्रश्न सुरू होणार. आईच्या ‘नाही’ने गाडी थांबलीच नव्हती, फक्त ती घरच्यांच्या नजरेआड गेली होती.

हे आईवडिलांना मी सांगणार नव्हते, त्यानेच सांगायचं असं ठरलं. पुढच्या भेटीत त्याने सांगितलं. वडील उसळले. पोरगं शांतपणे म्हणालं, “पप्पा, तुमचं हेल्मेट आरशाला असतं. हायवेला पोलीस दिसले की डोक्यावर.” वडील काही बोलले नाहीत. मीही ती शांतता भरून काढली नाही.

मग फोनचा विषय निघाला. अमेय बाहेर असला की ताई दर दहा मिनिटांनी फोन करत. उचलला नाही तर लगेच दुसरा, मग मित्राला. अमेय चालत्या गाडीवरच उचलायचा, खांदा आणि कान यांत दाबून. ताशी ६० च्या वेगात एका सेकंदात गाडी सोळा-सतरा मीटर पुढे जाते, हे मी कागदावर मांडून दाखवलं. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना दोष देण्यासाठी हे सांगत नाही. भीती वाटली की आपण फोनच करतो. पण ठरलं असं की निघताना आणि पोचल्यावर तो फोन करेल, मधल्या वेळात आई करणार नाही. सगळ्या ठरावांत त्यांना हा सर्वांत जड गेला.

बाकीचं बोलणं व्यवहाराचं झालं. अमेयला ३५० सीसी हवी होती. वडिलांना जुनी, स्वस्त. गाडी निवडणं माझं काम नाही, पण १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं आहे आणि स्वस्तातल्या जुन्या गाडीत ते नसेल, इतकं बोलले. शेवटी १६० सीसीवर एकमत झालं. पेट्रोल आणि सर्व्हिसिंग अमेयने सुट्टीत काम करून भागवायचं, चेन आणि हवा स्वतः बघायची. आयएसआय छापाची दोन हेल्मेटं, दुसरं वडिलांना, पट्टा लावून. पुढचा ब्रेक दाबला की गाडी पालथी होते, या समजुतीने वडिलांनी जन्मभर मागचाच वापरला होता. खरं तर ब्रेक लावला की वजन पुढे येतं आणि गाडी थांबवण्याचा मोठा वाटा पुढच्याच चाकाचा असतो. बापलेक रविवारी मोकळ्या मैदानावर तेच करून बघायला गेले. आणि हंगामात अंधार पडल्यावर गावचा रस्ता नाही. उशीर झाला तर मित्राच्या खोलीवर मुक्काम, त्याबद्दल सकाळी बोलणी नाहीत. ही दुसरी अट नसती तर पहिली एक आठवडाही टिकली नसती.

प्रत्येक घराला मी ‘द्या’ म्हणत नाही. मुलगा दारू पितो, किंवा चिडला की गाडी काढून सुसाट निघतो, तर आधी त्यावर काम करायला हवं. आणि ‘बाईक दिली नाही तर जीव देईन’ असं कुणी म्हणालं तर ते धमकी म्हणून झटकू नका, पण शोरूमलाही पळू नका. त्याला एकटं सोडू नका आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

अमेय पावसाळ्यात एकदा पडला, पाटणजवळ, वळणावरच्या बारीक खडीवरून घसरून. कोपर सोलवटलं, आरसा गेला. फोन त्यानेच केला, मित्राला नव्हे, घरी. ताई परवा सांगत होत्या की काळजी काही गेलेली नाही, पोचल्याचा फोन येईपर्यंत घास उतरत नाही. त्या आता नवा प्रश्न घेऊन आल्या आहेत. धाकटी पंधराची आहे आणि सोळाव्याला स्कूटी मागते आहे. सोळाव्या वर्षी बिनगिअरची आणि ५० सीसीपर्यंतचीच चालते, दुकानातल्या पेट्रोलच्या बहुतेक स्कूटर ११०-१२५ सीसीच्या असतात, हे तिला तिच्या दादानेच समजावलंय. पुढच्या शनिवारी दोघींना बोलावलं आहे.