आधी खुराडं, मग कडकनाथ, गिनी शेवटी

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

इंदूरजवळच्या राऊकडच्या घरामागे २० बाय ४० फुटांची जागा मोकळी आहे, तिथे बारा कडकनाथ (काळ्या कातडीच्या कोंबड्या) आणि सहा गिनी फाउल (कोंबडीसारखाच पण वेगळा पक्षी) पाळायच्यात आणि सगळं पहिल्या पावसाबरोबर सुरू करायचंय, असं लिहिलं आहेस. बेत चांगला, मुहूर्त चुकीचा. पावसाआधी फक्त जोतं, भिंती आणि छप्पर उरकून घे आणि पावसाळाभर खुराडं रिकामं ठेव. झड कुठल्या बाजूने आत येते, पाणी कुठे साठतं, रात्री मांजर कुठून शिरू बघतं, हे सगळं एकाही पिल्लाचा जीव न जाता कळतं. कडकनाथची पिल्लं दसऱ्यानंतर आण, गिनीची पुढच्या एप्रिलात.

अठरा पक्ष्यांना ८ बाय १० फुटांचं खुराडं पुरतं. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेव, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं ऊन आखूड भिंतींवर पडतं. आपली काळी माती पावसात फुगते आणि चिखल होते, तेव्हा जोतं दीड-दोन फूट उंच हवंच. त्यावर दीड फूट विटांची भिंत आणि वर अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी. षटकोनी भोकांची स्वस्त जाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. ती ओरबाडली की उसवते. जोत्याच्या चारही बाजूंना फूटभर जाळी मातीखाली आडवी पसरून पूर, म्हणजे उकरणारा प्राणी तिथेच थांबतो. छप्पर भिंतीच्या बाहेर अडीच फूट काढ. पत्रा असेल तर उन्हाळ्याआधी वरून चुना मार.

आत जमिनीवर चार इंच भुशाची गादी. गादी ओळखायची ती मुठीने: मूठभर भुसा दाबून सोड. लगेच विस्कटला तर ठीक. लाडू झाला तर ओल जास्त आहे, त्याच दिवशी खालीवर करून कोरडा भुसा घाल. धुळीसारखा उडाला तर फारच सुका आहे, पक्षी खोकतील. पाण्याच्या भांड्याभोवतीचा हातभर भाग सगळ्यात आधी बिघडतो, म्हणून भांडं विटांवर जाळी टाकून तिच्यावर ठेवायचं.

कडकनाथ मूळचा झाबुआ, अलीराजपूर, धार या भागातला. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि त्यानंतर काळी दिसेल ती कोंबडी कडकनाथ म्हणून खपू लागली. पिसांवर जाऊ नकोस. चोच उघडून जीभ आणि टाळू बघ, पोटाखालची पिसं फुंकून कातडी बघ, नखं बघ. तुरा जांभळट-काळा चालतो, पण टाळू गुलाबी असेल तर संकर समज. आणि कुणी काळं अंडं दाखवायची भाषा केली तर सरळ निघून ये. कडकनाथचं अंडं फिकट तपकिरी, मलईच्या रंगाचं असतं. वर्षाला ८० ते १०० अंडी मिळतील, तीही साधारण सहा महिन्यांची झाल्यावर. अंड्यांचा धंदा करायचा असेल तर हा पक्षी त्यासाठी नाही.

बारा पक्षी हवेत म्हणून बारा पिल्लं आणू नकोस. निम्मे कोंबडे निघणार आणि दोन-तीन दगावणार, तेव्हा पंचवीस आण. दहा-अकरा तलंगांमागे (अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्यांमागे) दोन कोंबडे ठेव, बाकीचे विक. पिल्लांभोवती चार फूट व्यासाचं पत्र्याचं किंवा चटईचं कडं कर आणि वर साठ वॅटचे दोन जुने पिवळे बल्ब टांग. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही, आणि पिल्लांना ऊब हवी असते. पहिल्या आठवड्यात ३५ अंश, पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी. थर्मामीटर असू दे, पण खरं पिल्लंच सांगतात: बल्बखाली गोळा होऊन चिवचिवली तर बल्ब खाली घे, कडेला जाऊन चोची वासून बसली तर वर घे.

लसी चुकवू नकोस. मॅरेक्सची (पाय-पंख लुळे पाडणाऱ्या रोगाची) लस पहिल्या दिवशी हॅचरीतच टोचून घे. मानमोडीची लासोटा नावाची लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात एक थेंब, चौदाव्या दिवशी गंबोरो या रोगाची लस, अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा लासोटा, सहा-आठ आठवड्यांनी देवीची लस आणि आठव्या ते दहाव्या आठवड्यात आर-टू-बी या मानमोडीच्याच पुढच्या लशीचं इंजेक्शन. लस बर्फाच्या थर्मासमध्ये आणायची आणि कालवली की दोन तासांत संपवायची. कुपी निदान शंभर पक्ष्यांची असते, म्हणून आसपास कुणी कोंबड्या पाळत असेल तर एकच दिवस ठरवा. वेळापत्रक एकदा महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवून घे.

खाद्याच्या बाबतीत माळव्यात एक मोह ठरलेला: घरात सोयाबीनचं पोतं असतं, तेच भरडून टाकावंसं वाटतं. कच्च्या सोयाबीनमधला ट्रिप्सिन इनहिबिटर प्रथिनं पचू देत नाही. पक्षी खातात भरपूर, वाढत मात्र नाहीत, उलट स्वादुपिंड मोठं होतं. तेल काढताना भाजली गेलेली सोया डीओसी, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, वापर. अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी दहा किलोचं मिश्रण असं: मक्याचा भरडा ५ किलो २०० ग्रॅम, डीओसी २ किलो २००, गव्हाचा कोंडा दीड किलो, शिंपल्याचा चुरा ८०० ग्रॅम, मिनरल मिक्स्चर २५० आणि मीठ ४० ग्रॅम. यात प्रथिनं सतरा टक्क्यांच्या आसपास बसतात. तलंगा अंड्यावर येईपर्यंत हे मिश्रण देऊ नकोस, एवढं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना सोसत नाही. तोवर पहिले आठ आठवडे तयार चिक स्टार्टर आणि पुढे ग्रोअर. मोठ्या पक्ष्याला दिवसाला शंभर ग्रॅम धर. मका छावणीच्या मंडीतून आणलास तर पावसाळ्यात महिन्याभराचाच आण आणि हिरवट बुरशीचा एकही दाणा राहू देऊ नकोस. आणि हे इंदूर आहे म्हणून सांगतो, पोह्यांवरची उरलेली शेव-नमकीन खुराड्यात जाता कामा नये. तेवढ्याशा जिवाला ते मीठ विष होतं.

आता गिनी. तिला वेगळ्या रंगाची कोंबडी समजलास तर पहिल्याच महिन्यात फसशील. मूळचा हा आफ्रिकेतला रानपक्षी, आणि अंगातलं रान अजून गेलेलं नाही. आपल्याकडे ती उन्हाळा लागता लागता अंड्यावर येते, म्हणून एप्रिल-मेमध्ये पिल्लं मिळतात. आपल्या सोयीचंही तेच: दुपारी बल्ब लागत नाही, उलट कडं जास्त तापत नाही ना ते बघावं लागतं, आणि पाऊस येईपर्यंत अंगावर पिसं येतात. गिनीचं पिल्लू ओल सोसत नाही. ते पाण्याच्या भांड्यातही बुडून मरतं, म्हणून थाळीत गोट्या किंवा खडे भरायचे, नुसती चोच जाईल एवढंच पाणी दिसलं पाहिजे. खाद्यात सुरुवातीला २४ ते २६ टक्के प्रथिनं हवीत. बाजारचं प्री-स्टार्टर थोडं कमी पडतं, तेव्हा रोज उकडलेलं अंडं बारीक किसून मिसळ. पोत्यावरचं लेबल वाच. कॉक्सिडिओस्टॅट (रक्ती हगवणीला आळा घालणारं औषध) मिसळलेलं खाद्य डॉक्टरांना विचारल्याशिवाय गिनीला घालू नकोस.

खाली गुळगुळीत वर्तमानपत्र कधी अंथरू नकोस. पाय घसरतात आणि दोन दिवसांत फाकतात. फाकलेच तर पिल्लू तळहातावर उताणं घे, दोन्ही पाय अंगाच्या रुंदीइतके जवळ आण आणि गुडघ्याखाली मऊ चिकटपट्टीची बेडी घाल, मध्ये साधारण दोन सेंटिमीटर अंतर राहील अशी. खरबरीत गोणपाटावर ठेव. पहिल्या दिवशी ते तोंडावर पडतं, त्याला धरून पाणी पाजावं लागतं. दोन-तीन दिवसांत सरळ उभं राहतं. आठवडाभर उशीर केलास तर पाय बहुधा सरळ होत नाहीत.

नर-मादी रंगावरून कळत नाही. दोन महिन्यांच्या सुमारास आवाज ऐकत बस: दोन ठोक्यांची हाक फक्त मादी देते. एका ठोक्याची दोघंही देतात, म्हणून एका ठोक्यावरून नर ठरवायची घाई नको.

मोठी झाल्यावर सहा आठवडे त्यांना खुराड्यातच कोंड, नाहीतर पहिल्याच दिवशी शेजारच्या आंब्यावर जाऊन बसतील आणि तिथे रात्री मांजर किंवा घुबड एकेक उचलेल. मग एका संध्याकाळी दोघींनाच सोड. बाकीच्या आतून ओरडत राहतात, त्या हाकेवर सुटलेल्या परत येतात. चार-पाच दिवसांनी आणखी दोन. बाजरी डब्यात खुळखुळवून फक्त संध्याकाळी आणि फक्त आतच टाकायची. अंधाऱ्या दारातून गिनी आत शिरत नाही, म्हणून तिन्हीसांजेला आत मंद दिवा लाव. त्यांची दांडी पाच फुटांवर हवी, कोंबड्यांची अडीच फुटांवर, आणि एक दुसरीच्या बरोब्बर वर नको. अंड्यांचे खोके दांडीहून खाली, नाहीतर कोंबड्या त्यांतच झोपतात आणि घाण करतात. धरायची वेळ आली तर पाय धरू नकोस, गिनीचा पाय चटकन निखळतो. दोन्ही पंख अंगाशी दाबून उचल.

नर गिनी कडकनाथच्या कोंबड्यांचा पाठलाग करतात, विशेषतः अंड्यांच्या दिवसांत. म्हणून खाद्याची भांडी दोन आणि लांब-लांब ठेव, आणि अंगणात लपायला फळ्यांचा एखादा आडोसा कर. आवाजाबद्दल शेजाऱ्यांशी आधीच बोल. सकाळी कचरागाडी गाणं वाजवत आली की पहिले पंधरा दिवस सहाही जणी तिला साथ देतील. साप दिसला तरी असाच गलका करतात आणि तेव्हा उठून बघायला हवं.

पावसात विष्ठेत रक्त दिसलं, पिल्लं पंख सोडून कोपऱ्यात बसली, तर ती रक्ती हगवण. गादी बदल आणि त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून पाण्यातून अँप्रोलियम सुरू कर. ते चालू असताना बी-जीवनसत्त्वाचं टॉनिक बंद ठेव, कारण हे औषध त्या जंतूंना बी-१ मिळू न देऊनच काम करतं.

गिनी आडोशाला गवतात अंडी लपवते आणि स्वतः भरवशाची रवण करत नाही, म्हणजे अंड्यांवर टिकून बसत नाही. कडकनाथही खुडूक फारशी बसत नाही. म्हणून एखादी गावठी कोंबडी पाळ आणि तिच्याखाली गिनीची पंधरा अंडी घाल. आधी दोन-तीन दिवस तिला खोट्या अंड्यांवर बसवून बघ, कारण कोंबडीचं पिल्लू २१ दिवसांत निघतं आणि गिनीचं २६ ते २८. कच्ची रवण असलेली कोंबडी बाविसाव्या दिवशी उठून जाते. कवच जाड असल्यामुळे बॅटरीच्या उजेडात आतलं नीट दिसत नाही, तेव्हा दिसलं नाही म्हणून अंडी फेकू नकोस. अंडी कोंबडीखाली ठेवल्याचा दिवस भिंतीवर लिहून ठेव आणि पंचविसाव्या दिवसानंतर अंड्यांना हात लावू नकोस.

जोत्याची आखणी झाली की मापं कळव, दार कुठल्या बाजूला काढायचं ते ठरवू.

तुझा,
काका