आजोबांचे हात बांधले त्या रात्रीपासून झोप नाही

ताई, मी खानापूर तालुक्यातली, बेळगावच्या एका दवाखान्यात ऑर्थो वॉर्डात स्टाफ नर्स आहे. वडगावचे एक आजोबा खुब्याचं हाड मोडून आले. वय 81, डिमेन्शिया आधीपासूनचा. ऑपरेशननंतर तिसऱ्या रात्री ते सारखे उठायला लागले. चादरीतून काहीतरी वेचायचे, सलाईनची नळी ओढायचे, "घराकडं जाऊलो" म्हणायचे, वारलेल्या बायकोला हाका मारायचे. "त्या सकाळी येणार हाईत" म्हणून मी वेळ मारून नेली. वॉर्डात 30 पेशंट, आम्ही दोघीच. सोबतची सिस्टर कन्नड, तिचं त्यांना काही कळेना. शेवटी त्यांचा मुलगाच म्हणाला, बांधा. मी गॉजपट्टीनं हात कॉटला बांधले. रात्रभर ते "बाय, सोड गे" म्हणत होते. सकाळी पाहिलं तर कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, तुंबला होता. ते अजून वॉर्डात आहेत. त्यांच्याकडं बघवत नाही. मी नर्स राहायच्या लायकीची आहे का? नोकरी सोडू का?

— स.

प्रिय स.,

लायकीचं नंतर बघू. आधी कॅथेटर.

लघवी तुंबून पोट फुगलं होतं आणि ते सांगायला त्या माणसाकडे शब्द नव्हते. मग त्यानं काय करावं? उठायला बघितलं, नळी ओढली, आणि आयुष्यभर अडल्यानडल्याला जिला हाक मारली तिला हाक मारली. आपण त्याला "त्रास देतायत" म्हणतो. त्रास तर त्यांनाच होत होता.

डिमेन्शिया महिन्या-वर्षांनी वाढतो. तिसऱ्या रात्री अचानक गडबड झाली, कालचा माणूस आज वेगळाच दिसायला लागला, तर तो बहुतेकदा डिलिरियम, म्हणजे अचानक आलेला भ्रम, असतो आणि त्यामागं शरीरातलं काहीतरी कारण असतं. तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, ताप, इन्फेक्शन, पाणी कमी पडणं, आणि खुब्याच्या पेशंटमध्ये तर आधी दुखणं. कारण एकच असेल असंही नाही. "दुखतंय का" विचारून उत्तर आलं नाही तर चेहरा बघ, श्वास बघ, कण्हणं ऐक, अंग आखडलंय का, जवळ घेतल्यावर शांत होतात का ते बघ. या पाच गोष्टींवर दुखणं मोजायची 'पेनॅड' नावाची दहा गुणांची मोजपट्टी 2003 पासून वापरात आहे. केसपेपरला लावून ठेवली तरी काम भागतं. आणि जे पेशंट गडबड न करता नुसते गप्प पडून राहतात, सुस्त होतात, त्यांच्याकडेही बघ. तोही डिलिरियमच असतो, फक्त कुणाला त्रास होत नाही म्हणून सुटून जातो.

आणखी एक. रात्री "जरा झोपवा यांना" म्हणून फेनरगन किंवा ॲविल अशा गुंगी आणणाऱ्या ॲलर्जीच्या औषधाची ऑर्डर आली, तर डॉक्टरांना नम्रपणे विचार, डिमेन्शिया आहे, द्यायचं ना? ही औषधं अशा म्हाताऱ्यांचा गोंधळ वाढवतात. विचारल्यानं कुणाचा मान जात नाही.

चादरीतून वेचणं हेही डिलिरियममध्ये दिसतं, त्यामुळे ते डॉक्टरांना सांगायचंच. पण आजोबा वडगावचे आहेत म्हणतेस. तिथं किती घरांत माग होते, तुला सांगायला नको. मुलाला विचार, वडील मागावर बसायचे का? बसत असतील तर ती बोटं तुटलेला धागा शोधत असतील, आणि सलाईनची नळी हा त्यांच्या हाताला लागलेला सगळ्यात जवळचा धागा. नळी पट्टीखाली, बाहीच्या आत घे, म्हणजे दिसणार नाही. हातात एखादा पंचा दे, उलगडू दे, घड्या घालू दे. चष्मा, कवळी, कानाचं यंत्र ऑपरेशनच्या आधी काढून मुलाच्या पिशवीत गेलं असेल, ते परत मागून घे. बेडजवळ एक मंद दिवा राहू दे. कठडे चढवून निर्धास्त होऊ नकोस, असे पेशंट कठड्यावरून चढून जास्त उंचीवरून पडतात. कॉट खाली घे. आणि कॅथेटरची गरज संपली का, हे रोज राउंडला विचार.

आता बायकोचं. वारल्याचं दर वेळी सांगायचं म्हणजे त्यांना दर वेळी नव्यानं विधुर करायचं. ते तू केलं नाहीस, बरं केलंस. पण "सकाळी येणार" हेही नको. मग ते वाट बघतात, दाराशी जायला उठतात. त्यापेक्षा "आठवण येतीय काय त्यांची? भाकरी कशी करायच्या हो त्या?" असं विचार आणि बोलू दे. बोलताना हात हातात घे. मात्र त्याआधी पोटावर हात ठेवून लघवी बघ, एवढं आता तू विसरणार नाहीस.

बांधणं चूकच होतं. बांधल्यानं भीती वाढते, कातडी सोलते, डिलिरियम लांबतो. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मानसोपचार संस्थांना बजावतो की माणसं कमी आहेत एवढ्याच कारणावरून रुग्णाला बांधायचं नाही. तुझा ऑर्थो वॉर्ड मानसोपचार संस्था नाही, पण वेड्यांच्या म्हणून ज्या दवाखान्यांना आपण नावं ठेवतो तिथं जे चालत नाही, ते तुझ्याकडे का चालावं? मुलगा "बांधा" म्हणाला, तो घाबरला होता. त्याला काम दे. कॉटजवळ बसव, वडिलांना घरी काय नावानं हाक मारतात, चहा कसा लागतो, रात्री किती वेळा उठतात, हे एका कागदावर लिहून घे आणि डोक्याशी चिकटव. इंग्लंडात डिमेन्शियाच्या पेशंटजवळ घरच्यांना थांबू द्यावं म्हणून 2014 मध्ये चळवळ उभी करावी लागली. आपल्याकडे घरचे कॉरिडॉरमध्ये चटई टाकून झोपलेलेच असतात, फक्त त्यांना कुणी आत बोलवत नाही.

सोबतच्या सिस्टरला तीन वाक्यं शिकव. दुखतंय काय? लघवी लागलीय काय? पाणी पाहिजे काय? तू तिच्याकडून तिची तीन घे. तुझ्या वॉर्डात उद्या गोकाकची अज्जी येईल, ती फक्त कन्नडच बोलेल. सीमेचा खटला 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, लघवी लागलेल्या माणसाला तेवढा दम नसतो.

आजोबांकडे बघवत नाही म्हणतेस, तर आज ड्युटीवर आधी त्यांच्याकडेच जा. त्यांना ती रात्र आठवत नसेल, पण तुझा आवाज ओळखीचा वाटला तर पुरे. मुलाला मात्र सांग: कॅथेटर तुंबला होता, वेळेत बघितलं गेलं नाही. हे केसपेपरवरही यायला हवं. त्याआधी इन्चार्ज सिस्टरशी बोल.

त्या एका रात्रीपायी नोकरी सोडू नकोस. झोप येतच नसेल तर मनाच्या त्रासासाठी असलेला टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर लाव, फुकट आहे, दिवसरात्र चालतो. आणि 30 पेशंटना दोन नर्स हे मॅट्रनना लेखी दे. रात्रीच्या ड्युटीला तिसरी नर्स आणि डिलिरियमचं ट्रेनिंग, एवढंच माग. 60 वर्षांवरच्या शंभरात सात-आठ जणांना डिमेन्शिया असल्याचा देशभराचा अंदाज 2023 मध्ये आला, म्हणजे असे आजोबा तुझ्या वॉर्डात येतच राहणार, हेही अर्जात घाल. अर्ज कन्नडमध्ये लिहायला ती सिस्टर मदत करेल. सही दोघींनी करा आणि पोच घ्यायला विसरू नका.

— ताई