घाट उतरताना गाडी न्यूट्रल करू नका!

चिपळूणला मी मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवते. पावसाळा लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत दोनच विषय असतात : पेट्रोल कसं वाचवायचं आणि पावसात, घाटात गाडी कशी सांभाळायची. शिकवता शिकवता माझं मत पक्कं झालं आहे की हे दोन विषय वेगळे नाहीतच. लांबवर नजर ठेवून वेळीच पाय उचलणाऱ्याची गाडी कमी पेट्रोल पिते आणि तिला करकचून ब्रेकही मारावा लागत नाही. जिथे पेट्रोलसाठी जीव धोक्यात घातला जातो, तिथे बहुतेकदा पेट्रोलही वाचत नसतं. पहिलं पत्र त्याचंच आहे.

ताई, माझं माहेर चिपळूणजवळ आणि सासर कराडला. कुंभार्ली घाट उतरताना हे गाडी न्यूट्रलला टाकतात, कधी कधी तर इंजिनच बंद करतात. “उतारावर फुकट पेट्रोल कशाला जाळायचं?” म्हणतात. माझ्या पोटात गोळा येतो. खरंच पेट्रोल वाचतं का? – एक वाचक, कराड

नाही वाचत, आणि हे त्यांना गाडीच दाखवून देईल. हल्लीच्या सगळ्या गाड्या फ्युएल इंजेक्शनच्या आहेत. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला की उतारावर चाकंच इंजिनाला फिरवतात, आणि हे ओळखून गाडीचा कॉम्प्युटर इंधन बंद करतो. थेंबही जात नाही. न्यूट्रल केलं की चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटतो. मग इंजिनाला स्वतःला चालू ठेवण्यासाठी पेट्रोल जाळावंच लागतं. तुमच्या गाडीच्या मीटरमध्ये चालू मायलेज दिसत असेल, तर हेळवाक सोडून उतार लागला की ते बघत बसा. गिअरमध्ये पाय उचललात की आकडा एकदम वर, त्याच्या टोकाला जाऊन बसतो. न्यूट्रलची खोड कार्ब्युरेटरच्या गाड्यांच्या काळातली आहे. त्या गाड्या गेल्या, खोड राहिली.

पण मायलेजपेक्षा मोठी गोष्ट ब्रेकची. न्यूट्रलमध्ये गाडीला आवरायला फक्त ब्रेक उरतो. घाटाच्या पायथ्याच्या पोफळीपर्यंत वळणामागून वळण, प्रत्येक वळणावर ब्रेक. लायनर तापतात, जळका वास येतो, आणि एका क्षणी पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. इंजिन बंद केलं तर आणखी वाईट. ब्रेकला इंजिनाकडून मिळणारी मदत एक-दोनदा पेडल दाबलं की संपते आणि पेडल दगडासारखं कडक होतं. पॉवर स्टिअरिंग जड पडतं, आणि चावी काढली गेलीच तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. हे घाटात!

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते, कराड-चिपळूण हा त्यांचा नेहमीचा रस्ता. ते सांगायचे, ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा. मी आजही विद्यार्थ्यांना हेच सांगते. कुंभार्लीत छोट्या गाडीला बहुतेक ठिकाणी दुसरा, कुठे कुठे तिसरा. वळण यायच्या आधी गिअर कमी करा, वळणात नाही. ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. वेग वाढला की नेमका दाबा, वेग उतरला की सोडा, म्हणजे ब्रेकला गार व्हायला वेळ मिळतो. ऑटोमॅटिक गाडी असेल तर ‘डी’वर सोडून देऊ नका. ‘एल’, ‘२’ किंवा मॅन्युअल मोड त्यासाठीच दिलेला असतो. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनीही एक लक्षात ठेवा : बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर रिजनरेटिव्ह ब्रेकिंग, म्हणजे गाडी आवरताना वीज तयार करणारं ब्रेकिंग, नीट लागत नाही, कारण तयार झालेली वीज ठेवायला जागाच नसते. घाटमाथ्यावर फुल चार्ज करून उतरू नका.

जळका वास आलाच तर रुंद जागा बघून गाडी बाजूला घ्या, चाकांना दगड लावा आणि ब्रेक आपोआप गार होऊ द्या. वर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वेडीवाकडी होते. आणि पेडल मऊ लागून खाली जाऊ लागलं तर घाबरून न्यूट्रल करू नका. पेडल भराभर पंप करा, एकेक गिअर खाली आणा, हँडब्रेक हळूहळू ओढा, झटक्यात नाही. तरीही थांबली नाही तर गाडी दरीच्या नाही, डोंगराच्या बाजूला घासू द्या. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि त्यामुळे तापल्यावर लवकर उकळतं. ते शेवटचं कधी बदललं, हे साहेबांना आज विचाराच. गाडीच्या पुस्तकात मुदत दिलेली असते, ती पाळा.

अरुंद ठिकाणी समोरून गाडी आली तर चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. नियमही तोच आहे. चढावर थांबलेल्या गाडीला पुन्हा उचलणं किती कठीण असतं, हे ज्याने हाफ क्लचवर लटकून पाहिलंय त्याला सांगायला नको.

ताई, मी नुकतंच लायसन्स काढलं. कोथरूडहून हिंजवडीला गाडीने जाते. कंपनी सांगते त्याच्या जवळपासही मायलेज येत नाही. बाबा म्हणतात, तुझा पाय जड आहे. – एक विद्यार्थिनी नव्हे, आता नोकरदार, पुणे

बाबांचं बरोबर असेल, पण तुझा एकटीचा दोष नाही. कंपनीचा आकडा ठरावीक चाचणीतला असतो, हिंजवडीच्या रांगेतला नाही. आधी नीट मोजायला शीक. टाकी फुल कर, नोझल आपोआप बंद होईल तिथे थांब, मीटर शून्यावर आण. आठवडाभर चालवून त्याच पंपावर पुन्हा तसंच फुल कर. चाललेले किलोमीटर भागिले भरलेलं पेट्रोल. मीटरवरच्या सरासरीपेक्षा हा आकडा भरवशाचा.

मग नजर बदल. नवी मुलं पुढच्या गाडीच्या डिकीकडे बघत चालवतात. तू तिच्या काचेतून पुढची, त्यापुढची गाडी बघ. तिसऱ्या गाडीचे ब्रेकलाइट लागले की तुझा पाय ॲक्सिलरेटरवरून उठलाच पाहिजे. सिग्नल लांबून लाल दिसत असेल तर तिथपर्यंत दामटत जायचं कशाला? प्रत्येक ब्रेकमध्ये आधी जाळलेल्या पेट्रोलची उष्णता होते, दुसरं काही नाही. पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर ठेव. ती खांबाजवळून गेली की “एकशे एक, एकशे दोन” म्हण. तुझं म्हणून व्हायच्या आत तू खांबापाशी पोचलीस तर फार जवळ आहेस. पावसात हेच चारपर्यंत मोज. हे अंतर ठेवलं की कोणीतरी मध्ये घुसेल, मला माहीत आहे. घुसू दे. पुन्हा पाय उचलून अंतर वाढव.

डावा पाय क्लचवर ठेवून बसायची सवय असेल तर ती आजच सोड, क्लचप्लेट लवकर जाते. सकाळी गाडी चालू करून पाच मिनिटं तापवत ठेवायचीही गरज नाही. लगेच निघ, पहिले दोनेक किलोमीटर हळू चालव. उभ्या गाडीतही इंजिन तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पेट्रोल पितं, तेव्हा मोठ्या सिग्नलला बंद कर. टायरमधली हवा दर पंधरा दिवसांनी बघ, तीही गाडी थंड असताना. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. हवावाल्याच्या अंदाजाने भरू नकोस. आणि स्टेपनी विसरू नकोस.

आमच्या गावच्या फरशी पुलावरून पावसात पाणी जातं. सगळ्यांच्या गाड्या जातात. किती पाण्यापर्यंत गाडी घालावी? – एक वाचक, खेड तालुका

वाहत्या पाण्यात घालूच नका. हे मी कळकळीने सांगते. गाडी आतून पोकळ असते, ती तरंगते. फूटभर जोराचं पाणी छोट्या गाडीचं चाक रस्त्यावरून उचलू शकतं, दोन फुटांचं बहुतेक गाड्या ओढून नेतं. शिवाय पाण्याखाली पूल शाबूत आहे की नाही, हे वरून कळत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल पुरात वाहून गेला आणि एसटीच्या दोन गाड्या माणसांसकट नदीत गेल्या. तिथल्या ड्रायव्हरांना अंधारात पुढे पूल नाही हे दिसलंच नाही. तुम्हाला तर समोर पाणी दिसतंय. अलीकडेच थांबा. पाणी उतरतं.

साचलेलं, न वाहणारं पाणी असेल आणि दुसरा रस्ता नसेल, तर आधी दुसरी गाडी जाताना बघा. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत येत असेल तर परत फिरा. त्याहून कमी असेल तर पहिला गिअर, इंजिन थोडं चढं, एकसारखी हळू चाल. मध्ये गिअर बदलायचा नाही, थांबायचं नाही. बाहेर आल्यावर दोन-चारदा हलका ब्रेक दाबून तो कोरडा करा.

पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन त्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा घराखाली उभ्या असलेल्या कितीतरी गाड्या बुडाल्या. चिखल धुऊन काहींनी काळजीपोटी नुसती चावी फिरवून पाहिली आणि दुरुस्तीचा खर्च इंजिनापर्यंत गेला. अशा वेळी बॅटरीची मायनसची वायर काढा, फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि गाडी टो करूनच न्या. साध्या विम्यात स्टार्टर मारून झालेलं इंजिनाचं नुकसान बहुधा धरत नाहीत. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं. कोकणात राहणाऱ्याने ते घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि पाणी आत येऊ लागलं तर दार उघडत बसू नका. बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ते उघडणार नाही. पट्टा काढा आणि बटणं चालताहेत तोवर काच खाली करा.

पावसात काचेवर सारखं धुकं येतं. आणि जोराच्या पावसात चारही इंडिकेटर लावून चालवावी का? – एक वाचक, संगमेश्वर

आतून धुकं असेल तर एसी लावा, झोत काचेवर सोडा आणि बाहेरची हवा आत घ्या. नुसती आतली हवा फिरवत राहिलात तर चौघांच्या श्वासातली वाफ आतच राहते. बाहेरून धुकं असेल तर काच फार गार झाली आहे. वायपर फिरवा, एसीचा झोत काचेवरून काढा. पेट्रोल वाचवायला पावसात एसी बंद ठेवणारे लोक मी रोज बघते. त्यांना पुढचं दिसत नसतं.

चार इंडिकेटर थांबलेल्या गाडीसाठी आहेत. चालत्या गाडीने ते लावले की ती वळणार आहे का, हे मागच्याला कळत नाही, आणि उभी आहे की चालतेय तेही कळत नाही. पावसात आणि धुक्यात हेडलाइट लो बीमवर लावा. हाय बीमचा प्रकाश धुक्यावरून उलट तुमच्याच डोळ्यांत येतो. त्यातही दिसेनासं झालं तर रस्त्यापासून दूर जागा बघून थांबा, आणि तेव्हा ते चार दिवे लावा.

मे महिन्यात नाशिकहून समृद्धीने नागपूरला जायचं आहे. मेहुणे म्हणतात, उन्हात टायर फुटतात, हवा थोडी कमी ठेव, नाहीतर नायट्रोजन भर. – एक वाचक, नाशिक

हवा कमी ठेवणं हेच टायर फुटायचं मोठं कारण आहे. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला बाजूने चेपतो, चेपून चेपून तापतो आणि वेगात फुटतो. सकाळी निघताना स्टिकरवरचा आकडा भरा. गाडी माणसांनी आणि सामानाने भरलेली असेल तर त्याच स्टिकरवर भरलेल्या गाडीचा वेगळा आकडा असतो, तो घ्या. नायट्रोजन चालेल, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. प्रेशर बरोबर असणं जास्त महत्त्वाचं. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात ते वाचा : २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. नक्षी दिसत असली तरी फार जुना टायर घेऊन या रस्त्यावर जाऊ नका.

कारला तिथे १२० ची मर्यादा आहे, पण तेवढी गाठलीच पाहिजे असं नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. १०० ऐवजी १२० ने गेलात तर तो ४४ टक्के वाढतो, आणि तीनशे किलोमीटरमागे वाचतो फक्त अर्धा तास. १२० ला गाडी एका सेकंदात ३३ मीटर जाते, म्हणजे तुम्ही दचकून ब्रेकवर पाय ठेवेपर्यंत तेवढा रस्ता संपलेला असतो. टायर फुटलाच तर ब्रेक मारू नका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरा, पाय उचला आणि गाडीला आपोआप हळू होऊ द्या.

सरळ रस्त्यावर उघड्या डोळ्यांनीही मन झोपतं. दर दोन तासांनी उतरा आणि चाला. पहिली डुलकी आली की चहा नाही, वीस मिनिटं झोप, तीही एखाद्या पंपावर, रस्त्याकडेच्या शोल्डरवर नाही.

वय ६८. रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यांनी काही दिसेनासं होतं. गणपतीला मुंबईहून गाडी घेऊन येऊ का? – एक वाचक, डोंबिवली

काका, आधी डोळे तपासून घ्या. दिव्यांभोवती वलयं दिसत असतील तर मोतीबिंदू असू शकतो. काच आतूनही पुसा, आतल्या तेलकट थराने दिवे जास्त पसरतात. समोरून झोत आला की दिव्याकडे बघू नका, डाव्या कडेची पांढरी पट्टी धरून चला आणि वेग कमी करा. डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, तरी रात्री निघू नका. पहाटे उजाडायला लागलं की निघा, म्हणजे अख्खा रस्ता उजेडात होईल. आणि मुलगा किंवा सून चालवायला तयार असेल तर घाटात स्टिअरिंग त्यांच्याकडे द्या.