काकांचे बारा हजार घ्यावेत की क्लेम टाकावा?

प्रश्न : आम्ही नेरुळला सिडकोच्या जुन्या इमारतीत राहतो. दहा दिवसांपूर्वी खालच्या मजल्यावरच्या काकांच्या मुलाने गाडी रिव्हर्स घेताना आमच्या उभ्या हॅचबॅकला ठोकलं. डावीकडचा मागचा दरवाजा आणि क्वार्टर पॅनल (मागच्या चाकावरचा पत्रा) चेपलं, मागचा बंपर फाटला, टेललॅम्प फुटला. चूक त्यांनी लगेच कबूल केली. कंपनीच्या वर्कशॉपने ३४,८१० रुपयांचं एस्टिमेट दिलंय. काका म्हणतात, ओळखीचा गॅरेजवाला १२,००० मध्ये करून देतो, तेवढे रोख घ्या. नाहीतर आमच्या इन्शुरन्समधून घ्या. मिस्टर म्हणतात, भांडायचं कशाला, आपलाच क्लेम टाकू. गाडीचं पाचवं वर्ष संपत आलंय, आजवर एकही क्लेम घेतलेला नाही, झिरो डेप (भाग जुने झाले म्हणून पैसे न कापणारं जादा संरक्षण) मागच्या वर्षी काढून टाकलं. पॉलिसी दोन महिन्यांत रिन्यू करायची आहे. पुढच्या वर्षी मोठी गाडी घ्यायचा विचार आहे. रोज जिन्यात गाठ पडते, संबंध बिघडवायचे नाहीत. काय करावं?

उत्तर : ताई, तुम्ही पाठवलेलं एस्टिमेट आणि फोटो नीट पाहिले. काकांशी बोलायच्या आधी त्या एस्टिमेटमधली एक ओळ काढून टाका. मागच्या बंपरच्या खाली ‘फ्रंट बंपर पेंट, ३,५००’ असं लिहिलंय. गाडी मागून ठोकली, मग पुढचा बंपर कुठून आला? तुमच्याच फोटोत त्याच्या उजव्या कोपऱ्यावर खांबाला घासल्याचा पिवळा पट्टा दिसतो, तो जुना आहे. वर्कशॉपवाले ‘एकातच करून घ्या मॅडम’ म्हणून अशी ओळ घालतात. ती काकांच्या नजरेला पडली, तर बाकीच्या खऱ्या ओळींवरचाही विश्वास उडेल. ती वगळली की सुटे भाग ७,०००, मजुरी आणि रंगकाम १९,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ३०,६८० रुपये होतात. बोलणी या आकड्यापासून सुरू करा.

काकांच्या इन्शुरन्सचं आधी सांगते, कारण बहुतेकांचा तिथेच गोंधळ होतो. ‘थर्ड पार्टी’ म्हणजे समोरच्याची विमा कंपनी तुमच्या वर्कशॉपला बिल देऊन टाकते, असा समज आहे. आपल्याकडे ते तसं चालत नाही. थर्ड पार्टीमध्ये दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानाला साधारण साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असतं हे खरं, पण ते मागायचं मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे. म्हणजे पोलिसांतली नोंद, वकील, तारखा. माणूस जखमी झाला असेल तर तो रस्ता धरावाच लागतो. चेपलेल्या दरवाजासाठी कोणी धरू नये. वकिलाची फीच दरवाजापेक्षा जास्त व्हायची. काका तुम्हाला टाळण्यासाठी तसं म्हणाले असतील असं मला वाटत नाही. त्यांनाही ठाऊक नसेल, तेव्हा हे त्यांना शांतपणे सांगा.

आता मिस्टरांचा मुद्दा. आपलाच क्लेम टाकला की विषय मिटला, हे ऐकायला बरं वाटतं. पण क्लेम फुकट नसतो. त्याची किंमत दोन हप्त्यांत द्यावी लागते, एक लगेच आणि एक पुढची पाच वर्षं.

लगेच द्यायची रक्कम अशी. झिरो डेप नसल्यामुळे प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर विमा कंपनी ५० टक्के घसारा (वापराने कमी झालेली किंमत) कापते. तुमचे बदलायचे सगळे भाग (बंपर, टेललॅम्प, क्लिपा) प्लास्टिकचेच आहेत, म्हणजे ७,००० पैकी ३,५०० गेले. रंगाच्या बिलातला चौथा हिस्सा सामानाचा धरून त्याच्या निम्मे कापतात. रंगकाम १२,५०० चं आहे, त्यातले सुमारे १,५६० गेले. या कपातीवरचा जीएसटीही तुमच्याच खिशातून. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे १,००० रुपये सक्तीने स्वतः भरायचे असतात. सगळं मिळून सुमारे ७,००० तुम्ही भरणार आणि कंपनी सुमारे २३,७०० देणार. दरवाजा ठोकून सरळ होतोय हे नशीब. बदलायची वेळ आली असती, तर तुमच्या गाडीच्या वयाला पत्र्याच्या भागावर ३५ टक्के घसारा कापला गेला असता.

दुसरा हप्ता नो क्लेम बोनसचा (एनसीबी), म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल विम्याच्या प्रीमियममध्ये मिळणाऱ्या सवलतीचा. तुमच्या चालू पॉलिसीत ४५ टक्के एनसीबी आहे, रिन्यू करताना ५० होणार. ही सवलत फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानाच्या विम्याच्या हप्त्यावर मिळते, थर्ड पार्टीच्या हप्त्यावर नाही. तुमचा ओन डॅमेजचा मूळ हप्ता ८,००० धरते. दरवर्षी तो थोडा उतरतो, हिशोब सोपा राहावा म्हणून तोच ठेवते. क्लेम नसेल तर दरवर्षी ४,००० भरायचे. क्लेम टाकला तर बोनस शून्यावर येतो आणि पुन्हा २०, २५, ३५, ४५ असा एकेक पायरीने चढतो. जास्तीचे पैसे पहिल्या वर्षी ४,०००, मग २,४००, २,०००, १,२०० आणि ४००. बेरीज १०,०००, जीएसटीसह ११,८००.

म्हणजे २३,७०० मिळाले, त्यातले ११,८०० पाच वर्षांत परत गेले. हातात उरले १२,००० च्या आतबाहेर. काका रोख देतो म्हणतात तेही तेवढेच! क्लेम फॉर्म, सर्व्हेअरची (विमा कंपनीतर्फे नुकसान तपासणाऱ्याची) वाट आणि वर्कशॉपच्या चकरा एवढं सगळं करून तुम्ही काकांच्या ऑफरपाशीच येऊन थांबणार.

आणि हा हिशोब जुनी गाडीच चालवणार असं धरून आहे. एनसीबी गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकून विमा कंपनीकडून एनसीबी सर्टिफिकेट घेतलं की तो नव्या गाडीला लागतो. समजा, मोठ्या गाडीचा ओन डॅमेजचा हप्ता २२,००० आला. ५० टक्के बोनस असेल तर ११,००० सुटतात. क्लेमनंतर वर्षभराने २० टक्केच हाती असतील, मग सुटतात ४,४००. एका वर्षात ६,६०० चा फरक, वर जीएसटी. तुमच्या बाबतीत एनसीबी हा या सगळ्या व्यवहारातला सगळ्यात महाग भाग आहे आणि तो कुठल्याच एस्टिमेटमध्ये लिहिलेला नाही.

एक अपवाद आहे. पॉलिसीच्या पानावर ॲड-ऑनच्या रकान्यात ‘एनसीबी प्रोटेक्शन’ असं काही दिसतंय का, ते आज बघा. असेल, तर अटींनुसार क्लेम घेऊनही बोनस टिकू शकतो आणि मग मिस्टरांचं म्हणणं बरोबर ठरेल. क्लेम टाका आणि खिशातले ७,००० काकांकडून घ्या. तुम्ही झिरो डेप काढलंय, त्यावरून हेही नसेल असाच माझा अंदाज.

राहिलं बारा हजारांत होणारं काम. काकांचा गॅरेजवाला लबाड आहे असं मी म्हणत नाही. पण तो देतोय ते वेगळंच काम आहे. तुम्ही पाठवलेल्या त्याच्या चिठ्ठीवर ‘बंपर वेल्डिंग, लांबी, टचअप’ एवढंच आहे (लांबी म्हणजे खळगा भरायची पुट्टी), टेललॅम्पचं नावही नाही. फोटो मोठा करून बघा, बंपर चाकाजवळ जिथे क्लिपांवर बसतो तिथले कानच तुटलेत. तिथे प्लास्टिक वितळवून जोडलं तर पहिल्या पावसाळ्यातल्या खड्ड्यांत तो कोपरा खाली लोंबायला लागतो. पत्रा ओढून न काढता नुसती लांबी भरली तर वर्ष-दोन वर्षांत तडा जातो. तुमचा रंग मेटॅलिक ग्रे. तो टचअपने जुळत नाही, अख्खं पॅनल मारावं लागतं. सावलीत सारखा दिसतो आणि उन्हात गाडी आणली की दरवाजा वेगळा उठून दिसतो. पुढच्या वर्षी गाडी विकायची आहे ना? जुन्या गाड्यांचा व्यापारी पहिल्यांदा तोच दरवाजा हाताने चाचपणार आणि ‘ॲक्सिडेंटल आहे’ म्हणून भाव पाडणार.

म्हणून तिसरं एस्टिमेट आणा. तुर्भ्याला मल्टिब्रँड वर्कशॉप आहेत, त्यांपैकी पेंट बूथ असलेलं एखादं निवडा आणि काम नेमकं सांगा : मूळ कंपनीचा बंपर आणि टेललॅम्प, दरवाजा व क्वार्टर पॅनल ओढून सरळ करणं, तिन्ही पॅनल पूर्ण रंगवणं, रंगाची लेखी वॉरंटी. सुटे भाग जीएसटीसह ८,२६० ला कुठेही तेवढेच पडतील, फरक मजुरीत पडतो. माझ्या अंदाजाने आकडा २० ते २२ हजारांत येईल. माझ्या मते काकांनी द्यायची वाजवी रक्कम ही. कंपनीच्या वर्कशॉपचे ३०,६८० मागायचा तुम्हाला हक्क नाही असं नाही. पण पाच वर्षांच्या, वॉरंटी संपलेल्या, पुढच्या वर्षी विकायच्या गाडीसाठी मी तो हट्ट धरणार नाही. गाडी वर्षाच्या आतली असती, तर उलट सांगितलं असतं.

काका कदाचित म्हणतील, बंपर पाच वर्षांचा होता, नवीन कशाला, निम्मे घ्या. हे मान्य करू नका. घसारा हा तुमच्या आणि तुमच्या विमा कंपनीच्या करारातला भाग आहे, शेजाऱ्यांमधला नाही. पाच वर्षं वापरलेला, त्याच रंगाचा, न तुटलेला बंपर काकांनी आणून दिला तर खुशाल लावा. मात्र गाडी वर्कशॉपमध्ये असताना ओला-उबरचं भाडं मागू नका. ऐरोलीला ऑफिस आहे म्हणता, तर नेरुळहून ठाण्याकडे जाणारी लोकल सरळ तिथे नेते. हक्काचं आहे म्हणून सगळंच वसूल करायचं नसतं, विशेषतः ज्यांच्या दारावरून रोज खाली उतरायचं त्यांच्याकडून.

पैसे हातात रोख घेऊ नका, संशय म्हणून नव्हे. बंपर उतरवल्यावर आत काय निघेल ते आज कोणालाच माहीत नाही. बऱ्याचदा आतली पट्टी वाकलेली निघते, रिव्हर्स सेन्सरची वायर तुटलेली असते. ठरावीक रक्कम आधीच घेतली की नंतर पुन्हा पैसे मागायला तुम्हालाच त्यांचं दार वाजवावं लागेल. त्यापेक्षा काकांनाच वर्कशॉपवर घेऊन जा, फोरमनशी त्यांनाच बोलू द्या, निम्मे ॲडव्हान्स आणि बाकीचे डिलिव्हरीच्या वेळी त्यांनी थेट यूपीआयने भरावेत. बिल तुमच्या नावावर घ्या. गाडी हातात आली, उन्हात रंग पाहिला, की काकांना व्हॉट्सॲपवर दोन ओळी पाठवा : अमुक तारखेच्या धडकेची दुरुस्ती झाली, खर्च तुम्ही दिला, आता काही बाकी नाही. त्याआधी कुठेही ‘फुल अँड फायनल’ लिहून देऊ नका. तसं लिहून दिलं आणि पुढे क्लेम टाकायची वेळ आली, तर विमा कंपनी अडून बसेल, कारण क्लेमची रक्कम दोषी माणसाकडून वसूल करायचा तिचा हक्क तुम्ही परस्पर सोडून दिलेला असतो. एकाच नुकसानाचे पूर्ण पैसे दोघांकडून घेता येत नाहीत, हेही मिस्टरांच्या कानावर घाला.

काका बाराच्या पुढे सरकलेच नाहीत तर? कमिटीला पैसे द्यायला लावायचा अधिकार नाही, पण सेक्रेटरींसमोर दोन्ही एस्टिमेट ठेवून बसलात तर बहुतेक वेळा आकडा हलतो. नाहीच हलला, तर बारा हजार वर्कशॉपला भरून घ्या, वरचे आठ-दहा हजार स्वतः घाला आणि क्लेम टाकू नका. कागदावर बघितलं तर बारा हजार घेऊन क्लेमही टाकणं, म्हणजे घसारा आणि बोनसचं नुकसान काकांच्या पैशांतून भरणं, दोन-तीन हजारांनी स्वस्त पडतं. ते बेकायदा नाही, फॉर्मवर कोणी ठोकलं आणि त्यांनी काय दिलं हे खरं लिहिलं तर. पण मग तुमची विमा कंपनी काकांना नोटीस पाठवू शकते, आणि नव्या गाडीचा बोनस धरला की ती दोन-तीन हजारांची बचतही उरत नाही.

या आठवड्यात निर्णय घ्या. क्लेम टाकायचा असेल तर विमा कंपनीला ताबडतोब कळवणं ही पॉलिसीची अट असते. दहा दिवस झालेच आहेत आणि सर्व्हेअरने पाहण्याआधी गाडी उघडायची नसते. सोसायटीच्या सीसीटीव्हीत जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं, तेव्हा ते फुटेज आजच पेनड्राइव्हवर घ्या. काका नाकारतील म्हणून नाही. उद्या त्यांच्या मुलाने किंवा तुमच्या विमा कंपनीने काही वेगळं म्हटलं तर हाताशी असावं.